बी.ए.ला तत्त्वज्ञान घ्यावं का? नसती उपाधी, पण कामाची

प्रश्न असा आला आहे: "सर, माझं जळगाव जिल्ह्यात हार्डवेअरचं दुकान आहे. मुलगी बारावी कला शाखेतून 86 टक्क्यांनी पास झाली, तर्कशास्त्रात 97 आहेत. आता बी.ए.ला तत्त्वज्ञान घ्यायचं म्हणते. घरात कोणालाच पटत नाही. या विषयाचा व्यवहारात काही उपयोग असतो का? मोघम नको, खरं सांगा."

मी 27 वर्षं हाच विषय शिकवला, आधी कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र, नंतर पदवीला तत्त्वज्ञान. म्हणजे तुम्ही दुकानदारालाच विचारताय की तुझा माल कसा आहे. तेव्हा आधी मालातली खोट सांगतो, मग बाकीचं.

खोट नोकरीची आहे. 'तत्त्वज्ञ पाहिजेत' अशी जाहिरात कुठे येत नाही. थेट नोकरी एकच, शिकवण्याची. त्यासाठी एम.ए., मग सेट किंवा नेट ही पात्रता परीक्षा, मग पूर्णवेळ जागा निघण्याची वाट बघणं. वाट बघता बघता पुष्कळ जण सीएचबीवर लागतात, सरकारी मराठीत 'तासिका तत्त्वावर', म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच पैसे. तत्त्वज्ञानात एम.ए. करून शेवटी हातात आलेलं तत्त्व हे, असा विनोद आमच्या स्टाफरूममध्ये चालायचा आणि त्यावर सगळ्यात मोठ्याने तासिका तत्त्वावरचेच हसायचे. लहान गावांत तर दुष्टचक्रच आहे. विद्यार्थी कमी म्हणून वर्कलोड कमी, वर्कलोड कमी म्हणून जागा भरत नाहीत आणि शिक्षक नाही म्हणून विद्यार्थी येत नाहीत. मुलगी प्राध्यापक होईल एवढ्याच हिशोबाने विषय घेत असेल, तर मी तिला थांबवेन.

स्पर्धा परीक्षांचं गणित थोडं बरं आहे. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो, 250 गुणांचे दोन पेपर, आणि अभ्यासक्रम इतरांच्या मानाने आटोपशीर. शिवाय 2013 पासून सामान्य अध्ययनाचा चौथा पेपर नीतिशास्त्राचा आहे, तोही 250 गुणांचा. पण हे वाचून तुम्ही लगेच मुलीला कलेक्टर करायला निघू नका. त्या परीक्षेला बसणाऱ्यांत निवड होणारे मूठभर असतात, विषय कुठलाही असो.

तर नोकरीचं एवढंच. तुम्ही विचारलंय व्यवहाराचं, आणि तिथे मला बरंच बोलायचं आहे.

तर्कशास्त्रात 97 म्हणजे धूर आणि आग मुलीला माहीत असणार. न्यायशास्त्रातलं, म्हणजे कोर्टातलं नव्हे, आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्रातलं, हे ठरलेलं उदाहरण: डोंगरावर धूर दिसतोय, जिथे धूर तिथे आग, म्हणून डोंगरावर आग आहे. इथवर कोणालाही कळतं. गंमत ते उलटं केल्यावर येते. जिथे आग तिथे धूर, असं म्हणता येईल का? चुलीपाशी आयुष्य काढलेली बाई म्हणेल, हो, रोजच बघते. मग नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा समोर ठेवतात. आग आहे, धूर नाही. मग चुलीत धूर कशाने होत होता? नुसत्या आगीने नाही, ओल्या सरपणाने. 'आग' म्हणताना ओलं सरपण गुपचूप आत शिरलं होतं आणि कोणी त्याचं नाव घेतलं नव्हतं. अशा लपून आलेल्या अटीला न्यायशास्त्रात 'उपाधी' म्हणतात.

तुमच्या घरात सध्या या शब्दाचे तिन्ही अर्थ नांदताहेत. मुलीला उपाधी हवी आहे, म्हणजे पदवी. तुम्हाला वाटतंय ही नसती उपाधी, म्हणजे कटकट. आणि मी म्हणतोय, तीन वर्षांत ती उपाधी ओळखायला शिकेल, म्हणजे ओलं सरपण.

तुमच्या गल्ल्यावर बसून बघू. कंपनीचा माणूस सांगतो, "या पंपाची एकही तक्रार नाही, साहेब." तुम्हीही वही बघता, खरंच तक्रार नाही. पण ज्याचा पंप बिघडला तो तक्रार घेऊन आलाच नसेल, पुढच्या वेळी समोरच्या दुकानात गेला असेल, तर? तुमच्या वहीत तक्रार नाही, एवढंच कळलं. पंप चांगला आहे हे कळलं नाही. किंवा चौकातला क्लासचा फ्लेक्स घ्या: 'आमचे 40 विद्यार्थी मेडिकलला.' त्या बॅचला प्रवेश देतानाच चाळणी परीक्षा घेतली होती का, हे फ्लेक्सवर कधी नसतं. आधीच हुशार असलेली 40 मुलं कुठेही गेली असती.

हे तर कोणताही अनुभवी दुकानदार न शिकता ओळखतो, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. आपल्या धंद्यात ओळखतो. पण तोच माणूस आजारपणात, जमिनीच्या व्यवहारात, मुलांच्या लग्नात आणि मतदानात ओलं सरपण बघत नाही, कारण तिथे त्याला त्याचा चटका बसलेला नसतो. शिक्षणाने फरक पडतो तो इथे. एका ठिकाणी आलेली शहाणीव दुसरीकडे न्यायची सवय लागते. आणि खरी परीक्षा तेव्हा, जेव्हा ती आपल्याच लाडक्या गोष्टींवर चालवावी लागते.

माझंच सांगतो. आमचे लोक विषयाची जाहिरात करताना दोन गोष्टी हमखास सांगतात. एक म्हणजे अमेरिकेतली जीआरई, पदवीनंतरच्या शिक्षणाची प्रवेश परीक्षा, जिच्यात तत्त्वज्ञान घेतलेल्यांचे भाषेचे आणि विश्लेषक लेखनाचे सरासरी गुण सगळ्यात वरच्या रांगेत असतात. ते खरं आहे. पण मुळात वाचणारी-लिहिणारी मुलंच हा विषय घेत असतील, तर श्रेय विषयाचं की मुलांचं? मी अनेक वर्षं हा आकडा वर्गात सांगायचो आणि वर्गातल्याच एका मुलीने मला ही उपाधी दाखवली, तेव्हापासून बंद केलं. अलीकडे तिथल्याच संशोधकांनी कॉलेजात आलेल्या वेळचे गुण हिशोबात धरून तुलना केली, तरी आघाडी शिल्लक राहिली. म्हणजे काहीतरी आहे. पण फ्लेक्सवर लावण्याइतकं सरळ नाही.

दुसरी गोष्ट थेलीसची. तुम्ही व्यापारी, तुम्हाला आवडेल. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा ग्रीक तत्त्वज्ञ. लोक त्याला हिणवायचे की एवढं ज्ञान आणि खिसा रिकामा. ॲरिस्टॉटल सांगतो की आकाशातल्या खुणांवरून पुढच्या हंगामात ऑलिव्ह भरपूर येणार हे थेलीसला कळलं. त्याने हिवाळ्यातच थोडा थोडा विसार देऊन आसपासचे सगळे घाणे भाड्याने धरून ठेवले. हंगाम आला, सगळ्यांना एकदम घाणे हवे झाले, आणि हा म्हणेल तो भाव. आमचे लोक ही गोष्ट सांगून म्हणतात, बघा, तत्त्वज्ञान उपयोगी आहे. पण बारकाईने बघा: त्याला कामाला आलं ते आकाशाचं ज्ञान, आणि पैसा मिळाला तो मक्तेदारीने. हे खुद्द ॲरिस्टॉटलनेच तिथल्या तिथे म्हणून ठेवलंय. तुमच्या मार्केट यार्डातला कुठलाही मुरलेला व्यापारी हे करतो, एकही पान न वाचता.

आता वर्गातला एक प्रसंग सांगतो, कारण हा विषय नेमका काय करतो ते तिथे दिसतं.

आपल्याकडे वाद घालायची जुनी शिस्त आहे: आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष. समोरच्याचं म्हणणं आधी आपण मांडायचं, तेही त्याच्यापेक्षा चांगलं. मी दुसऱ्या वर्षाला एक स्वाध्याय द्यायचो. ज्या मताला तुमचा विरोध आहे ते एका पानात लिहा, आणि ते मत असणाऱ्या वर्गमित्राची खाली सही आणा, 'हो, मला हेच म्हणायचं होतं' अशी. सही मिळेपर्यंत पान पुन्हा लिहायचं.

एका वर्षी शेतकरी कर्जमाफीवर जुंपली. एक मुलगा कडाडून विरोधात, कारण त्याच्या वडिलांनी बैलजोडी विकून सोसायटीचं कर्ज वेळेवर भरलं होतं. एक मुलगी बाजूने, कारण तिच्या घरी दोन वर्षं बोंडअळीने काही हातात आलं नव्हतं. त्याने तिच्या बाजूचं पान लिहिलं: 'शेतकरी गरीब आहे म्हणून सरकारने दया दाखवावी.' तिने सही केली नाही. म्हणाली, "मी दया मागितलीच नाहीये." दुसऱ्यांदा त्याने लिहिलं की नुकसान निसर्गाने केलं, शेतकऱ्याने नाही. तरी नाही. "निर्यातबंदी निसर्ग करतो का?" तिसऱ्यांदा त्याने लिहिलं की भाव वाढतात तेव्हा सरकार निर्यात थांबवून ग्राहकासाठी भाव पाडतं, तो भार शेतकऱ्यावर पडतो, मग पडत्या काळातला भार सरकारने का उचलू नये. तिने सही केली.

त्या मुलाचं मत बदललं नाही. मला ते बदलायचंही नव्हतं. पण चौथ्या दिवशी तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "सर, माझा विरोध माफीला नाहीये. माझा राग आहे तो वेळेवर भरणाऱ्याला काहीच मिळत नाही याचा." आता हा वेगळाच प्रश्न झाला, आणि त्याला उत्तरही वेगळं आहे. 2017 च्या राज्याच्या योजनेत नियमित फेड करणाऱ्यांना 25 हजारांपर्यंत प्रोत्साहन रक्कम ठेवली होती ती याच प्रश्नाला धरून. तीन वर्षं एकच भांडण भांडणारी माणसं मी पाहिली आहेत, ज्यांना आपण कशावर भांडतोय हेच माहीत नसतं. त्या मुलाला चार दिवसांत कळलं. आज तो तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. म्हणतो, समोरच्या वकिलाचं म्हणणं आधी स्वतः लिहून काढतो, मगच आपलं.

आता कॉलेजाबाहेरचं. गेली 9 वर्षं मी एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर आहे. माणसांवर नव्या औषधाची चाचणी घ्यायची तर अशा कमिटीची मंजुरी लागते. 2019 च्या नियमांप्रमाणे कमिटीत किमान सात सदस्य हवेत. नुसते डॉक्टर चालत नाहीत: वकील हवा, सामान्य नागरिक हवा, आणि समाजशास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी, तत्त्वज्ञ, नीतितज्ज्ञ किंवा धर्मशास्त्राचा जाणकार यांच्यापैकी एक हवा. त्या खुर्चीतलं कोणी आलं नाही तर कोरम होत नाही. मानधन असतं ते रिक्षा आणि चहाच्या पलीकडे फार जात नाही. पण 'तत्त्वज्ञाला काम काय' याचं कायद्यात लिहिलेलं उत्तर मला ठाऊक आहे ते हे.

एक बैठक सांगतो, ओळख पटेल असे तपशील बदलून. मधुमेहामुळे पायाला झालेल्या जखमेवरचं नवं मलम. निम्म्या लोकांना नेहमीच्या ड्रेसिंगसोबत हे मलम, निम्म्यांना नेहमीच्या ड्रेसिंगसोबत तसंच दिसणारं पण औषध नसलेलं. कोणाला काय मिळतंय हे ना रुग्णाला माहीत ना डॉक्टरला. फाइल दीडशे पानांची, आणि तिच्यात रुग्णाने सही करायचं मराठी संमतिपत्र चार पानांचं. त्याची पहिली ओळ: 'या उपचारासाठी तुमची निवड झाली आहे.'

ही ओळ मी दोनदा वाचून पुढे गेलो होतो. पकडली ती सामान्य नागरिक म्हणून बसणाऱ्या बाईंनी, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. म्हणाल्या, "निवड झाली म्हटल्यावर नाही कोण म्हणेल? नवोदयला निवड झाल्यासारखं वाटतंय." मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की दुसरा शब्दही तसाच आहे. 'उपचार'. निम्म्या लोकांना नवं काही मिळणारच नाही, आणि ज्यांना मिळेल त्यांना ते लागू पडतं की नाही हेच शोधायचं आहे. पायाच्या जखमेने वर्षभर कावलेला माणूस 'उपचार' वाचतो आणि सही करतो. त्याची सही खरी असते, पण ती वेगळ्याच गोष्टीला असते. एक सर्जन वैतागले, "आपण शब्दांचा कीस काढतोय." वकीलसाहेबांनी शांतपणे सांगितलं, "संमतिपत्रात शब्दांशिवाय दुसरं काही नसतंच." ओळ बदलली: 'एका नव्या मलमाचा उपयोग होतो का, हे तपासण्याच्या अभ्यासात तुम्ही भाग घ्याल का, हे विचारण्यासाठी ही माहिती देत आहोत.' लांबलचक आहे, पण खोटी नाही.

खरी अडचण पुढे आली. रुग्णाला आठ वेळा यायचं होतं. कंपनी प्रत्येक वेळचे 800 रुपये द्यायला तयार होती, प्रवास आणि बुडालेली मजुरी धरून, पण सगळे पैसे अभ्यास संपल्यावर एकदम. एका ज्येष्ठ डॉक्टरांचं म्हणणं पडलं की गरीब माणसाला एवढे पैसे म्हणजे लालूच, 300 करा. टेबलाभोवती माना हलल्या. लालूच नको, यावर कोण नाही म्हणणार?

मी एवढंच विचारलं की लालूच वाईट असते ती कशाने. वीसेक मिनिटं चर्चा झाली आणि त्या एका शब्दातून तीन वेगळ्या भीत्या बाहेर आल्या. पहिली: माणूस पैशासाठी एरवी घेतला नसता असा धोका पत्करेल. पण तसा धोका या मलमात असेल, तर 300 रुपयांत तो कमी होतो का? धोका घेण्यासारखा नसेल तर अभ्यासच नामंजूर करायला हवा. घेण्यासारखा असेल तर पैसे कमी करून आपण फक्त मजुराचा रोज बुडवतो. दुसरी भीती: पैशामुळे फक्त गरीबच येतील आणि श्रीमंतांच्या औषधाची परीक्षा गरिबांच्या पायावर होईल. याला औषध रक्कम कमी करणं नाही, रुग्ण कुठून घ्यायचे ते बघणं आहे. चाचणी फक्त फुकट वॉर्डात का, खाजगी ओपीडीत का नाही? तिसरी भीती वकिलांनी काढली आणि ती सगळ्यात पक्की होती. पैसे शेवटी मिळणार असतील तर माणूस मधे त्रास झाला तरी लपवेल, कारण बाहेर पडलो तर सगळे बुडाले. म्हणजे घोटाळा रकमेत नव्हताच, पैसे देण्याच्या वेळेत होता.

शेवटी 800 तसेच राहिले, पण प्रत्येक भेटीला हातात द्यायचे, मधे सोडलं तरी तोवरचे मिळालेले राहतील. आणि ओपीडीतूनही रुग्ण घ्यायचे. ज्या डॉक्टरांनी 300 म्हटलं होतं त्यांनीच हा ठराव मांडला.

यात मी कान्ट, मिल अशा कुठल्या मोठ्या तत्त्वज्ञाचं नाव घेतलं नाही, गीतेचंही नाही. नऊ वर्षांत एकदाही घेतलेलं नाही. नावं घेतली की लोक आपापल्या गोटात जातात. अमेरिकेत टस्कीगीचा प्रकार 1972 मध्ये उघडकीला आला. तिथे शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना सिफिलिस असताना 40 वर्षं उपचाराविना नुसतं 'अभ्यासलं' होतं. त्यानंतर माणसांवरच्या संशोधनाचे नियम ठरवायला राष्ट्रीय आयोग नेमला गेला. त्या आयोगासोबत काम केलेल्या स्टीफन टूलमिन या तत्त्वज्ञाने नंतर एक निरीक्षण नोंदवलं: वेगवेगळ्या विचारांचे सदस्य एकेका प्रकरणावर बहुतेक वेळा एकमताला यायचे, आणि का ते सांगायला लागले की मतभेद सुरू व्हायचे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या विषयाचा अपमान वाटला होता. कमिटीवर बसायला लागल्यावर पटलं.

त्याहून मला आवडतं ते मेरी वॉर्नॉक यांचं काम. 1978 मध्ये इंग्लंडमध्ये पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, आणि प्रश्न उभा राहिला की प्रयोगशाळेतल्या मानवी भ्रूणावर संशोधन करू द्यायचं का, आणि दिलं तर किती दिवसांपर्यंत. ब्रिटिश सरकारने 1982 मध्ये समिती नेमली आणि अध्यक्ष केलं एका तत्त्वज्ञ बाईंना. प्रश्न खळ्यावरच्या राशीसारखा होता. राशीतून एक दाणा काढला तर रास राहते, आणखी एक काढला तरी राहते, मग रास संपते कधी? भ्रूण 'माणूस' कधी होतो याचं उत्तर कुठल्याच सूक्ष्मदर्शकात दिसणार नव्हतं. वॉर्नॉक यांनी प्रश्नच बदलला. माणूस कधी होतो हे बाजूला ठेवून विचारलं, त्याला कसं वागवायचं हे आपण ठरवायचं आहे, तर रेघ कुठे ओढू? समितीने 1984 च्या अहवालात 14 दिवस सुचवले, कारण साधारण त्यानंतर भ्रूणात शरीराचा अक्ष दाखवणारी पहिली रेषा उमटते आणि मग त्याचे जुळे होत नाहीत. 13 का नाही, 16 का नाही, असं विचारणारे होतेच. पण रेघ मोजता येईल अशीच लागते, नाहीतर कायदा पाळला की मोडला हे सांगता येत नाही. 1990 मध्ये तिथे कायदा झाला, आणि आपल्याकडच्या स्टेम सेल संशोधनाच्या मार्गदर्शक तत्त्वांतही 14 दिवसांचीच मर्यादा आहे.

बाजूला एक गोष्ट, कारण तुम्ही खानदेशातले आहात. अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर 1916 मध्ये उभं केलं ते कोणा संन्याशाने नाही, श्रीमंत प्रताप शेठ यांनी. ते गिरणीमालक होते. देशभरातून तत्त्वज्ञानाचे अभ्यासक तिथे येऊन राहायचे. साने गुरुजीही अमळनेरला आले ते आधी तिथे शिकायला, शाळेत शिक्षक झाले ते नंतर. मुलीला एकदा घेऊन जा. दुकान अर्धा दिवस बंद ठेवा.

आता तोटा सांगतो, नोकरीचा सांगितला त्याहून वेगळा. नैयायिकांनी चर्चेचे तीन प्रकार केले: खरं काय ते शोधण्यासाठी केलेली ती वाद, जिंकण्यासाठी केलेली तो जल्प, आणि स्वतःचं काही न मांडता नुसतं दुसऱ्याचं पाडण्यासाठी केलेली ती वितंडा. मराठीचं दुर्दैव असं की आपल्याकडे 'वाद' म्हणजेच भांडण झालं. हा विषय घेणारी मुलं पहिले सहा महिने वितंडेतच असतात, कारण पाडायला सोपं आणि त्यात मजा येते. माझ्या एका विद्यार्थ्याने बहिणीच्या लग्नाच्या बैठकीत, पाहुणे समोर असताना, पत्रिका जुळणं कोणत्या प्रमाणाने सिद्ध होतं असं विचारलं. लग्न झालं, पण मामा त्याच्याशी वर्षभर बोलले नाहीत. घरचे मला दोष देत होते आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. वितंडेतून बाहेर काढायला शिक्षक लागतो. सगळ्यांनाच काढता येत नाही. काही मुलं तिथेच राहिली, आणि ती आज व्हॉट्सॲपवर फार हुशार आहेत.

म्हणून कॉलेज निवडताना नॅकची श्रेणी नंतर बघा. विभागात जाऊन एकच विचारा: मुलांनी लिहिलेले निबंध तपासून परत मिळतात का, आणि तपासलेली एखादी वही बघायला मिळेल का. समासात शेरे असतील, 'हे कशावरून?' असं लाल शाईत असेल, तर तिथे घाला. फक्त बरोबरच्या खुणा आणि खाली गुण असतील, तर तिथे ती गाईडमधून पाठ करून 70 टक्के आणेल आणि वर सांगितलेलं काही शिकणार नाही. मग तुमचा आक्षेप सोळा आणे खरा ठरेल.

विषय एकटा घेऊ देऊ नका. सोबत अर्थशास्त्र, राज्यशास्त्र किंवा संख्याशास्त्र, जे जमेल ते असू द्या. पदवीनंतर लॉ हा सगळ्यात सरळ रस्ता आहे, पत्रकारिता दुसरा. ओलं सरपण शोधायचं तर आधी चूल लागते, म्हणजे तर्क चालवायला दुसरा एखादा विषय लागतो, हे मी मुलांना नेहमी सांगतो. इंग्रजी वाचन वाढवावं लागेल, कारण मराठीत चांगलं आहे ते पुरेसं नाही. तरी कॉलेजच्या ग्रंथालयात मराठी तत्त्वज्ञान महाकोशाचे तीन खंड आहेत का ते बघा. दे. द. वाडेकरांनी 1974 मध्ये संपादित केलेले. असले तर त्यावर धूळ आहे का तेही बघा.

आणि प्रवेशाआधी एक करा. तर्कशास्त्रात 97 आहेत ना? उरलेले तीन गुण कुठे गेले ते तिला विचारा. "काय माहीत, गेले असतील" म्हणाली, तर अजून विचार करायला वेळ आहे. आणि अमुक प्रश्नाला माझंही उत्तर बरोबर होतं, तपासणाऱ्याने प्रश्न एकाच अर्थाने घेतला, असं सांगत जेवण गार होईपर्यंत बसली, तर अर्जाची शेवटची तारीख बघून ठेवा.